बातमीवरचा पहारा : दोन महायुद्धे आणि हिंदुस्थानातील वृत्तपत्रे

युद्धकाळात वृत्तपत्रांवर बंधने येतात ती शत्रूला लष्करी माहिती मिळू नये म्हणून, असे सरकारे सांगत आली आहेत, आणि जहाजांच्या हालचाली, पलटणींचे मुक्काम, दारूगोळ्याचे साठे यांच्यापुरते हे कारण कोणत्याही संपादकाला पटण्यासारखे असते. ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानात १९१४ ते १९१८ आणि १९३९ ते १९४५ या दोन्ही काळांत वृत्तपत्रांभोवती जे नियंत्रण उभे राहिले त्याच्या फार मोठ्या भागाचा उलगडा मात्र या कारणाने होत नाही, कारण दडवलेली माहिती पुष्कळदा शत्रूला ठाऊक असे आणि इथल्या वाचकाला तेवढी नसे. दोन्ही युद्धांतील हत्यारे बरीचशी सारखी असली तरी त्यांचा रोख बदलत गेला. पहिल्या महायुद्धात सरकारला मुख्यतः संपादकाच्या मताची धास्ती होती, म्हणून अग्रलेख लिहिणारा आणि छापखान्याचा मालक यांना वेठीस धरले गेले; दुसऱ्या महायुद्धात, विशेषतः ऑगस्ट १९४२ नंतर, ही धास्ती घटनेच्या साध्या वृत्तांतापर्यंत पोचली आणि अमुक गावी अमुक दिवशी काय घडले एवढे छापणेही गुन्हा ठरू लागले. हा बदल कसा घडला हे पाहताना मुंबई इलाखा आणि त्या वेळचा मध्य प्रांत येथील काही प्रकरणे विशेष बोलकी ठरतात.

पहिले युद्ध सुरू झाले तेव्हा सरकारला नवा कायदा करण्याची घाई नव्हती, कारण १९१० चा वृत्तपत्र कायदा हाताशी होता. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा देण्यात आली होती, पण असा खटला चालवायचा म्हणजे न्यायालय, ज्यूरी, आरोपीचे भाषण आणि त्या भाषणाला देशभर मिळणारी प्रसिद्धी हे सारे ओघाने आलेच. १९१० च्या कायद्याने ही अडचण दूर केली. नव्या छापखान्याच्या चालकाने ५०० ते २,००० रुपयांचा जामीन, म्हणजे सरकारजमा होऊ शकणारी अनामत रक्कम, भरावी, आक्षेपार्ह मजकूर छापला असे सरकारला वाटल्यास ती जप्त व्हावी, पुन्हा काम सुरू करायचे तर १,००० ते १०,००० रुपये भरावेत आणि त्यानंतरही दोष आढळला तर छापखानाच जप्त व्हावा, अशी ती साखळी होती. आक्षेपार्ह काय हे आधी सरकारच ठरवी. उच्च न्यायालयात दाद मागता येत असे, पण कायद्याची भाषाच इतकी सैल होती की तिच्या कक्षेतून एखादा लेख सोडवणे न्यायाधीशांनाही कठीण जाई. वर्गणीदारांच्या थकबाकीवर कसेबसे चालणाऱ्या जिल्ह्याच्या गावच्या साप्ताहिकाला हजार रुपयांची मागणी हा बंदीचाच हुकूम होता, आणि असे पत्र मुकाट्याने बंद पडले की त्यात सरकारचा हात वरकरणी दिसतही नसे. मार्च १९१५ मध्ये आलेल्या भारत संरक्षण कायद्याने या साखळीला आणखी एक कडी जोडली. त्याखालील नियमांनुसार सरकारला मजकुराची प्रसिद्धिपूर्व तपासणी करता येऊ लागली आणि माणसाला खटल्यावाचून स्थानबद्ध किंवा हद्दपारही करता येऊ लागले.

पहिला आघात मुस्लिम संपादकांच्या पत्रांवर झाला, कारण तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरल्यास खलिफाविषयी आदर बाळगणाऱ्या हिंदी मुसलमानांची निष्ठा डळमळेल अशी सरकारला भीती होती. मौलाना मोहम्मद अली यांच्या दिल्लीच्या ‘कॉम्रेड’ने तुर्कांसमोरील पर्यायांविषयी लेख लिहिला आणि त्याचा जामीन जप्त झाला, कलकत्त्याच्या ‘अल् हिलाल’चा २,००० रुपयांचा जामीन जप्त करून मौलाना आझादांकडे १०,००० रुपये मागण्यात आले, आणि १९१४ संपण्याआधीच दोन्ही पत्रे बंद पडली. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’वर हाच प्रयोग झाला आणि पुढच्या वर्षी त्यांना स्थानबद्धही करण्यात आले. मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटून आलेल्या टिळकांनी युद्धात सरकारला साहाय्य करावे असे जाहीरपणे सांगितले होते, तरी होमरूलच्या प्रचारासाठी बेळगाव आणि अहमदनगर येथे केलेल्या भाषणांवरून १९१६ साली त्यांच्याकडे २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीनदार मागण्यात आले. हा हुकूम फौजदारी कायद्याखालचा असला तरी त्यामागची विचारसरणी वृत्तपत्र कायद्याचीच होती. बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

मतावर असा पहारा असताना बातमीवर वेगळ्या पहाऱ्याची गरज फारशी भासली नाही, कारण युद्धाची बातमी येण्याच्या वाटाच मोजक्या होत्या. युद्ध जाहीर झाल्यानंतर काही तासांतच ब्रिटिशांनी जर्मनीच्या समुद्राखालील तारा तोडल्या होत्या. मुंबईला पोचणारी तार एडनमार्गे ब्रिटिश कंपनीच्या तारायंत्रातून येई, आणि तिच्यातील मजकूर रॉयटर या ब्रिटिश वृत्तसंस्थेने लंडनच्या सेन्सॉरखाली तयार केलेला असे. म्हणजे पुण्यामुंबईच्या संपादकाच्या टेबलावर पडणारी बातमी तिथे पोचण्यापूर्वीच गाळून घेतलेली असे. या अवस्थेतही मराठी वाचकाची युद्धाविषयीची ओढ मोठी होती आणि मराठी पत्रकारांनी ती ओळखली होती. अच्युत बळवंत कोल्हटकरांचे ‘संदेश’ हे दैनिक याच काळात मुंबईत निघाले आणि त्याच्या खटकेबाज भाषेने वृत्तपत्र वाचण्याची सवय नसलेल्यांनाही आपल्याकडे ओढले. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यातून निघणाऱ्या ‘चित्रमयजगत्’मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी महायुद्धाचा लेखाजोखा मांडला. मराठीतील युद्धविवेचनाची परंपरा तेव्हापासून धरावी लागते. खाडिलकरांसारख्या लेखकाला स्वतःचा बातमीदार रणांगणावर धाडता येणे शक्यच नव्हते. सरकारी पत्रके, विलायती तारा आणि नकाशे एवढ्या सामग्रीवर त्यांना काम भागवावे लागे. अशा वेळी दोन पत्रकांतील तारखा आणि ठिकाणे ताडून, काय सांगितले यावरून काय वगळले याचा अंदाज बांधणे हेच वृत्तपत्रकाराचे खरे कसब ठरले.

या कसबाच्याही आवाक्याबाहेरचे प्रकरण मेसोपोटेमियाचे होते, आणि महाराष्ट्राशी त्याचा संबंध फार जवळचा होता. जनरल टाउन्सेंड यांच्या हाताखाली बगदादच्या दिशेने गेलेली सहावी डिव्हिजन ही पुण्याची डिव्हिजन म्हणून ओळखली जाई आणि तिच्यात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर ही फौज मागे हटली, डिसेंबरपासून कुत अल् अमारा येथे वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने हतबल होऊन शरण आली. सुमारे १३,००० सैनिक व अनुचर तुर्कांच्या कैदेत गेले. टेसिफोनच्या जखमींना उघड्या गाड्यांतून नदीपर्यंत आणि तेथून बोटींच्या डेकवर दाटीवाटीने, मलमपट्टी व सावलीवाचून, अनेक दिवसांचा प्रवास करून बसऱ्याला आणण्यात आले, पण वरिष्ठांकडे गेलेल्या तारेत जखमींची व्यवस्था उत्तम झाल्याचे म्हटले होते. ‘मजिदिया’ ही बोट बसऱ्याला लागली तेव्हा तिची अवस्था स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तक्रार करणाऱ्या मेजर कार्टर या भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टरला वरिष्ठांकडून कारवाईची धमकी मिळाली. पुढे तेथे गेलेले एडमंड कँडलर हे अधिकृत वार्ताहर होते आणि त्यांच्या वृत्तांतांवरही लष्करी सेन्सॉरची कात्री चालत असे. ही माहिती तुर्कांपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता. ती लपवली गेली ती सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील घरांपासून आणि लंडनमधील पार्लमेंटपासून. सत्य बाहेर आले ते जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालातून, म्हणजे दीड वर्षाने. त्यानंतर उठलेल्या गदारोळात भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, हिंदुस्थान सरकारवर कठोर टीका करणारे एडविन मॉंटेग्यू त्यांच्या जागी आले आणि २० ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्यांच्याच तोंडून झाली. या घोषणेची कारणे अनेक होती, तरी एका दडवलेल्या बातमीने मंत्री बदलला एवढे निश्चित म्हणता येते, आणि हीच बातमी वेळेवर छापता आली असती तर किती जखमींचे हाल टळले असते हा प्रश्न त्या काळच्या कोणत्याही घटनात्मक प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

युद्ध संपले तरी युद्धाचे अधिकार संपले नाहीत. सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये सुरू केलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना २६ एप्रिल १९१९ रोजी, म्हणजे शस्त्रसंधीनंतर पाच महिन्यांहून अधिक काळाने, आजारी अवस्थेत बोटीवर चढवून विलायतेला धाडण्यात आले. पंजाबातील लष्करी कायद्याच्या काळात त्यांनी छापलेला मजकूर हे त्याचे कारण होते. हॉर्निमन स्वतः इंग्रज होते, त्यामुळे या कारवाईने मुंबईत विशेष खळबळ उडाली. जानेवारी १९२६ पर्यंत त्यांना परत येता आले नाही. १९१० चा कायदा १९२२ साली रद्द झाला, पण कायदेभंगाच्या चळवळीत, १९३१ मध्ये, जामिनाची तीच पद्धत नव्या कायद्याने पुन्हा लागू झाली आणि दुसऱ्या महायुद्धात वृत्तपत्रांनी प्रवेश केला तो हा बोजा डोक्यावर घेऊनच.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही हिंदी लोकप्रतिनिधीला न विचारता देश युद्धात असल्याचे जाहीर केले आणि त्याबरोबर भारत संरक्षणाचा वटहुकूम व पाठोपाठ कायदा आला. त्याखालील नियमांपैकी ४१ वा नियम वृत्तपत्रांविषयी होता: मजकूर आधी तपासून घेण्याचा, विशिष्ट विषयावर लिहिण्यास मनाई करण्याचा आणि पत्र बंद करण्याचा अधिकार त्यात होता. पहिल्या युद्धाच्या मानाने आता परिस्थिती पुष्कळ बदललेली होती. ‘सकाळ’, ‘नवाकाळ’, ‘लोकमान्य’ यांसारखी मराठी दैनिके रुजली होती, हिंदी मालकीच्या वृत्तसंस्था उभ्या राहिल्या होत्या, रेडिओ आला होता, आणि देशातील सर्वांत मोठा राजकीय पक्ष युद्धाला विरोध करीत होता. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळ पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, तेव्हा त्या सत्याग्रहाची किंवा भाषणांची हकीकत मुख्य वृत्तपत्र सल्लागाराला दाखवल्यावाचून छापू नये, अशी सूचना गांधीजींच्या ‘हरिजन’ या साप्ताहिकाच्या संपादकाला देण्यात आली. गांधीजींनी ती मान्य करण्याऐवजी आपली तिन्ही साप्ताहिके थांबवली आणि प्रत्येक नागरिकाने स्वतःच चालतेबोलते वर्तमानपत्र व्हावे असे सुचवले.

त्याच महिन्याच्या २६ तारखेला युद्धकार्याला विरोध निर्माण होईल असा कोणताही मजकूर, मग तो प्रत्यक्ष असो वा अप्रत्यक्ष, छापण्यास मनाई करणारा हुकूम निघाला आणि संपादक प्रथमच एका झेंड्याखाली आले. १० नोव्हेंबर १९४० रोजी दिल्लीत जमलेल्या संपादकांतून अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषद स्थापन झाली, ‘हिंदू’चे कस्तुरी श्रीनिवासन तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि सरकारशी एक समझोता झाला. सरकारने हुकूम मागे घ्यावा, संपादकांनी युद्धकार्यात अडथळा येईल असे लिहू नये आणि वादाच्या प्रसंगी केंद्रात व प्रांतांत नेमलेल्या सल्लागार समित्यांचे मत घ्यावे, असे त्याचे स्वरूप होते. या समझोत्याकडे दोन नजरांनी पाहता येते. त्यामुळे छापण्यापूर्वी प्रत्येक ओळ दाखवण्याची नामुष्की टळली आणि सरकारला संपादकांशी बोलणे भाग पडले. पण त्याच वेळी कात्री सेन्सॉरच्या हातून संपादकाच्या हाती आली, आणि सल्ल्याची ही व्यवस्था मोठ्या शहरांतील दैनिकांना जितकी जवळची होती तितकी तालुक्याच्या साप्ताहिकाला कधीच नव्हती. तरीही संघटना उभी राहिली हे फार मोठे काम झाले, कारण दोन वर्षांनी तिच्याचमुळे संपादकांना एकत्र प्रतिकार करता आला.

८ ऑगस्ट १९४२ रोजी, काँग्रेसची महासमिती मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव करीत असतानाच, सरकारचा नवा हुकूम तयार होता. चळवळीविषयीची वस्तुस्थितीची बातमीसुद्धा केवळ सरकारी सूत्रांकडून, ठरावीक वृत्तसंस्थांकडून किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नाव नोंदवलेल्या बातमीदाराकडूनच घ्यावी, असे त्यात म्हटले होते. या हुकुमाचे वेगळेपण लक्षात घेण्यासारखे आहे, कारण त्यात कोणाच्याही मताचा संबंध नव्हता; पाहणारा डोळा कोणाचा असावा एवढेच सरकारने ठरवले, आणि ज्या पोलिसांच्या वागणुकीची बातमी द्यायची त्यांच्याच प्रमुखाकडे बातमीदाराची नोंद ठेवली. मधल्या काळात पुन्हा निघू लागलेले ‘हरिजन’ बंद करून त्याचे जुने अंकही नष्ट करण्यात आले. ‘नॅशनल हेरल्ड’सह अनेक पत्रांनी या अटींवर निघण्यापेक्षा बंद राहणे पसंत केले. पत्राचा पोरका झालेला वाचक, पगार थांबलेला जुळारी आणि बेकार झालेला विक्रेता यांचे नुकसान पत्करून घेतलेले ते निर्णय होते, म्हणून बंद राहणाऱ्यांप्रमाणेच अटी सोसून रोज काहीतरी छापत राहणाऱ्यांनाही दोष देता येत नाही.

या व्यवस्थेची खरी परीक्षा चिमूर आणि आष्टी येथे झाली. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी या दोन्ही गावांत १६ ऑगस्ट १९४२ रोजी जमाव आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, दोन्ही बाजूंची माणसे मारली गेली आणि काही दिवसांतच लष्कर व पोलीस चिमूरमध्ये शिरले. त्यानंतर गावात झालेल्या लुटीच्या आणि स्त्रियांवरील अत्याचारांच्या तक्रारी नागपूरपर्यंत पोचल्या, पण मध्य प्रांताच्या सरकारने चौकशी करण्याचे नाकारले. सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेले, मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी चौकशीसाठी पुढाकार घ्यावा अशी मागणी करून दिल्लीत त्यांच्या घरीच उपोषण मांडले. तेथून त्यांना हलवण्यात आले, आणि पुढे त्यांचे उपोषण एकूण ६३ दिवस चालले. सरकारने या उपोषणाची बातमी छापण्यासही बंदी केली. एका गावातील अत्याचारांची, त्या अत्याचारांच्या चौकशीच्या मागणीची आणि त्या मागणीसाठी अन्न सोडलेल्या माणसाच्या प्रकृतीची, अशी एकावर एक तिहेरी झाकणे या बातमीवर पडली होती, आणि त्यांपैकी एकाही बातमीचा जपानी वा जर्मन सैन्याला काडीचा उपयोग नव्हता.

संपादक परिषदेने या वेळी दिलेले उत्तर कल्पक होते. सरकारी निवासस्थानांतील समारंभांची परिपत्रके, नववर्षाची पदव्यांची यादी आणि निर्णयाचा भाग वगळता सरकारी सभासदांची भाषणे छापायची नाहीत असे ठरले, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातील अनेक पत्रांनी एक दिवस प्रकाशन बंद ठेवले. बातमी दडवण्याचा हक्क सरकार वापरते तर सरकारची बातमी न देण्याचा हक्क संपादकही वापरतील, असा त्याचा आशय होता. १२ जानेवारीला तडजोड झाली. कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. ना. भा. खरे यांनी मध्यस्थी केली, भणसाळींनी उपोषण सोडले आणि बातमीवरची बंदी उठली. चिमूरच्या स्त्रियांना हवी होती ती निष्पक्ष चौकशी मात्र झाली नाही, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या या विजयाचे वर्णन करताना विसरून चालणार नाही.

छापील बातमीची वाट अडली की ती दुसऱ्या मार्गाने येतेच. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबरच्या अटकेपर्यंत मुंबईत जागा बदलत चालवलेल्या काँग्रेस रेडिओवरून चिमूर, आष्टी आणि संयुक्त प्रांतातील बलियाच्या हकीकती सांगितल्या गेल्या. गुप्त पत्रके सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत आणि हातोहात फिरत. सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद रेडिओची प्रसारणे इतर भाषांबरोबर मराठीतूनही होत. या बातम्यांत खरे किती आणि फुगवलेले किती हे तपासण्याचे साधन वाचकाजवळ नव्हते, कारण ते तपासणारे वृत्तपत्रच बांधलेले होते. अफवांची तक्रार करणाऱ्या सरकारने अफवांना लागणारी जमीन स्वतःच तयार केली होती. बंगालच्या दुष्काळातही कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे इंग्रज संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे दिल्लीला आणि लंडनला त्याची दखल घ्यावी लागली.

मुंबईने या धोरणाचा अनुभव १९४४ मध्ये घेतला. १४ एप्रिल रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला दुपारी आग लागली; त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या लगडी एकत्र भरलेल्या होत्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. गोदी, शेजारची जहाजे, मांडवी व मस्जिद बंदराकडील वखारी आणि वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली आणि आग विझवायला गेलेल्या मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. स्फोटाचा आवाज सगळ्या शहराने ऐकला होता, धूर सगळ्या शहराने पाहिला होता. तरी बातमीदारांना ही हकीकत बाहेर पाठवण्याची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. दरम्यान जपानी ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, तिचा तपशील जगाला ऐकवला होता. बंदरातील हानीचे प्रमाण शत्रूला कळू नये ही काळजी सकारण होती हे मान्य केले, तरी शत्रूला सारे कळले आहे हे उघड झाल्यानंतरचा तीन आठवड्यांहून अधिक काळ कोणत्या कारणाने गेला याचे उत्तर त्या काळजीत सापडत नाही. स्फोटके आणि कापूस एकाच जहाजात का भरले, ते जहाज भरवस्तीच्या गोदीत का आणले, आग दिसल्यावर ते बाहेर का नेले नाही किंवा बुडवले का नाही, हे प्रश्न ज्या दिवसांत मोठ्याने विचारले जायला हवे होते त्याच दिवसांत ते विचारता आले नाहीत.

युद्ध संपल्यावर भारत संरक्षण कायद्याची मुदत १९४६ मध्ये सरली, पण १९३१ चा जामिनाचा कायदा स्वातंत्र्यानंतरही पुस्तकात राहिला. तो रद्द झाला १९५१ मध्ये, आणि रद्द करणाऱ्या आक्षेपार्ह मजकूरविषयक नव्या कायद्यातही जामीन मागण्याची तरतूद होतीच. फरक इतकाच होता की निर्णय सरकारी अधिकाऱ्याऐवजी सत्र न्यायाधीशाकडे गेला आणि संपादकाला ज्यूरी मागण्याचा हक्क मिळाला. संपादक परिषदेने त्यालाही विरोध केला, आणि १९५६ मध्ये त्या कायद्याची मुदत संपली तेव्हा १९१० मध्ये आलेली जामिनाची ही पद्धत कायद्यातून गेली.